टमाट्याला बांधलेलं लुगडं

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं पटत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माया, जिव्हाळा, पदराची ऊब असलं काही शोधत बसायला नको. गोधडी, दुपटं, ठिगळ यांवर बाईमाणसानं काही लिहिलं की लोकांना लगेच उबेची हाव सुटते. आमच्या घरात ऊब होती ती चुलीपुढं, आणि तीसुद्धा धुरासकट.

आळे गावाच्या पुढं कॅनॉलच्या अंगाला आमचं घर आहे. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली, आणि सासूबाई मरेपर्यंत धाकटीकडं राहिल्या. मागच्या परसदारी घालायची वेळ आली तोवर विटाही संपल्या आणि दोघांचा उत्साहही, म्हणून परसदार तेवढं एक राहिलं. मधून मोरीच्या पाण्याचा पाट जातो. पाटाच्या अलीकडं माझे वाफे, पलीकडं तिचे. माझ्याकडं मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची आणि मोरीपाशी अळू. तिच्याकडं टमाटे, गवार आणि दोडक्याचा एक वेल. तो वेल तिनं मुद्दाम माझ्या शेवग्यावर चढवला आहे. वेलाला काय कळतंय, असं ती म्हणते. मला नव्हे, म्हशीला म्हणते. आमच्यात समोरासमोर बोलणं नसतं. तिला काही सुनवायचं असलं की ती म्हशीशी बोलते, मी कोंबड्यांशी. दोन्ही जनावरांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक आहे.

दोघे भाऊ मात्र सकाळी एकाच मोटारसायकलवर बसून डेअरीला दूध घालायला जातात आणि येताना फाट्यावर एका बशीत भजी खाऊन येतात. आम्ही दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटत असतो तोवर त्यांच्या नावानं कुणी बोटं मोडत नाही. त्यांचं बरं चाललं आहे.

आता त्या लुगड्याचं सांगते. त्यासाठी माझ्या लग्नात जावं लागेल.

माझं माहेर कळंबचं. लग्न ठरल्यावर वडील जुन्नरच्या बाजारात गेले आणि मानपानाचं कापड घेऊन आले. विहिणीचं लुगडं घ्यायचं होतं. आणि माझ्या आईलाही मांडवात नेसायला धड काही नव्हतं. दुकानदारानं एकाच गठ्ठ्यातली दोन काढून दिली. सुती, गर्द हिरवी, तांबड्या काठाची. वडील खूश. एक विहिणीला, एक आईला, दोन्ही चांगली, भांडण नको. बाप्या माणसाला एवढीच अक्कल असते. नवरीच्या आईच्या अंगावर जे आहे तेच विहिणीच्या हातात ठेवायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आईनं सांगितलं असतं तर तिचं ऐकलं कुणी असतं?

मांडवात सासूबाईंनी घडी उलगडली. एकदा हातातल्या लुगड्याकडं पाहिलं, एकदा माझ्या आईच्या अंगावरच्या. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विहिणीला बी हेच आन मला बी हेच? मग माझा मान कंचा? ऱ्हाऊ द्या. खुरपायला नेसंन मी हे."

आणि नेसल्या, हो! बोलल्याप्रमाणं केलं. बाकीची लुगडी ट्रंकेत घडी करून ठेवायच्या आणि माझ्या बापानं दिलेलं तेवढं खुरपायला, शेणकुटं थापायला, डेऱ्याखालचा चिखल काढायला. मी समोर असले की पदरानं नाकसुद्धा पुसायच्या. नवी नवरी मी, काय बोलणार? खाली मान घालून भाकरी थापायची. त्या भाकरीलाही नावं ठेवायच्या. कडा जाड, मधे कच्ची, आईनं काही शिकवलं न्हाई. माझ्या हातच्या एकाही घासाला त्या बाईनं कधी बरं म्हटलं नाही. पुढं धाकटी आली, तर माझ्या तोंडावर तिचं कौतुक. बघ कशी झरझर उरकती! तुझ्यासारखी न्हाई, हातात मेंदी लावून बसायला. मी मेंदी कधी लावली होती ते देवालाच माहीत.

माझी आई त्या लुगड्याला मात्र जपायची. लाज वाटायची तिला त्याची, आणि जीवही होता. सणाला नेसायची, मग आठवड्याच्या बाजाराला, मग घरात. धुऊन धुऊन ते असं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये.

माझी लेक झाली तेव्हा मी कळंबलाच होते. मुलगी झाल्याचा निरोप इकडं आला आणि सासूबाई काही आल्या नाहीत. तोंड बघायला नाहीत, बारशाला नाहीत. पोरीच्या अंगावर सासरचं सूतभरही पडलं नाही. आईनं तिच्या दुसऱ्या एका जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं. कोवळ्या अंगाला नवं कापड टोचतं, जुनंच सूत लागतं, ते तर कुणालाही माहीत आहे. पण शिवताना आई रडत होती, ते मी बाजेवरून बघत होते.

आई थकली तेव्हा हिरवं लुगडं तिनं माझ्याकडं दिलं. म्हणाली, "हे तुझ्या लेकीच्या लेकराला. मोठी गोधडी नगं करू, दुपटं कर. त्याच्या अंगाला पयलं सूत आपलं लागू दे." मग आई गेली. तिचं दुसरं काही माझ्याकडं नाही. तिचा कधी कुणी फोटोही काढला नाही.

लेकीला दिली मंचरला. तिला दिवस गेले, आणि मंचरची विहीणबाई लागली लोकर घेऊन बसायला. टीव्हीवरच्या मालिका बघत विणते. स्वेटर, टोपडी, मोजे, सगळं पिवळं. एक डोळा टीव्हीवर असतो, म्हणून मोज्यांत एक लहान आणि एक मोठा. फोनवर मला कौतुकानं सांगायची, "आमच्या बाळाला मी सगळं हातानं करतेय हं." मी म्हणायची, करा बाई, करा. पण पहिलं कापड माझ्या आईचं लागणार, हे माझं ठरलेलं होतं. त्यावर कुणाचं काही चालणार नव्हतं. लेकही म्हणायची, "आई, आजीचं हिरवं दुपटं झालं का?"

डोहाळजेवण करून लेक आमच्याकडं यायची होती. त्याच्या आधी मी लुगडं बाहेर काढलं, रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, हलक्या हातानं चुबकलं आणि तारेवर टाकलं. ती तार माझ्या शेवग्यापासून तिच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत जाते. खिळा तिचा, तार माझी. कांद्याची लागण चालली होती आणि दिवसाची लाइट होती, तेव्हा पाण्याची मोटार चालू करायला मला रानात जावंच लागलं.

दुपारी भाकरीला परत आले तर तारेवर काही नाही.

आधी वाटलं वाऱ्यानं उडालं. वाफ्यांत बघितलं, शेवग्याखाली बघितलं. मग वाटलं कुणाचं करडू ओढून घेऊन गेलं की काय. कोंबड्यांना हाकलून खुराड्यामागंसुद्धा बघितलं. आणि मान वर केली तर पाटाच्या पलीकडं तिचे टमाटे. सगळ्या झाडांना काठ्या लावून झालेल्या, आणि काठीला प्रत्येक झाड हिरव्या पट्टीनं बांधलेलं. कुठं कुठं पट्टीला तांबडा काठ. नीट, एकसारख्या पट्ट्या. ती काम निगुतीनं करते, ते मला मान्य आहे.

पाट ओलांडून मी थेट तिच्या वाफ्यात.

गाठी सुटेनात तेव्हा दातांनी सोडवल्या. टमाट्याची झाडं फळांनी जड झालेली, आधार काढल्याबरोबर एकेक झाड मातीत लोळायला लागलं. फांद्या मोडल्या, हिरवी फळं गळली. मी थांबले नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं मला.

ती बादली घेऊन बाहेर आली आणि किंचाळली, "अवो बाई! काय चाललंय हे? माझी झाडं!"

"तुझी झाडं गेली खड्ड्यात! लुगडं का फाडलंस?"

"फाडलं तर फाडलं! म्हातारीचं लुगडं, मी फाडीन न्हाईतर जाळीन. तुमाला काय करायचंय?" भांडतानासुद्धा ती मला 'तुमी'च म्हणते. त्यानं जास्तच आग होते. "माझ्या माळ्यावरनं काढून धुऊन वाळत घातलंत, मला काय दिसत न्हाई व्हय? म्हातारी जागंवर पडली तवा कुनी केलं तिचं? हागणं-मुतणं मी काढलं. तवा पाटाच्या हिकडं कवा पाऊल टाकलं न्हाई तुमी. आन आता लुगडी गोळा करायला आलात?"

"अगं सटवे, माझ्या आईचं आहे ते!"

"आईचं म्हनं! ह्याच लुगड्यावर म्हातारी रोज खुरपायला बसायची. म्या काय आंधळी हाय?"

आता तिला काय सांगायचं? तिचं लग्न माझ्यानंतर झालेलं. मांडवातला तमाशा तिनं पाहिलेला नाही, आणि माझ्या आईला त्या लुगड्यात पाहण्याइतका तिचा आमच्या माहेराशी संबंध कधी आला नाही. तिच्या लेखी हिरवं, तांबड्या काठाचं लुगडं जगात एकच, आणि ते म्हातारीचं.

मग मला आठवलं. हातातल्या पट्ट्या मी मातीवर टाकल्या आणि उलथ्यापालथ्या करत राहिले. एकदा बोरीच्या काट्यात पदर अडकून आईचं लुगडं फाटलं होतं. घरात हिरवा दोरा नव्हता, म्हणून तिनं पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. आडवे टाके, त्यांतून खालीवर काढलेले उभे टाके, अगदी चटईसारखे. ती पट्टी सापडली. रफूच्या अगदी कडेनं फाडलेली होती. मी ती जावेच्या नाकासमोर धरली.

"हे कुणाच्या हातचं आहे? तुझ्या सासूनं जन्मात सुई धरली होती का? सांग ना!"

सासूबाईंना सुईत दोराही ओवता यायचा नाही. घरातल्या गोधड्या, ठिगळं, बाप्यांच्या बंड्यांची बटणं सगळं आम्हा दोघींवर असायचं. जावेनं पट्टी हातात घेतली, रफूवरून अंगठा फिरवला. तिचं तोंड उतरलं. ती घरात गेली.

चुकलं, माफ करा, असलं आमच्यात नसतं. माळ्यावर धडाधड काहीतरी पाडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती एक बारदान फरफटत. त्यातून तिनं ओढून काढलं खरं लुगडं, सासूबाईंचं. तसंच हिरवं, तसाच काठ, खाली शेणाचे डाग. ते तिनं पाटावरून माझ्या अंगावर फेकलं.

"घ्या. ह्याचं करा दुपटं. फिटलं."

"फिटलं?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "म्हातारीचं चिरगूट माझ्या नातवंडाखाली घालू व्हय? पोरगी झाली म्हणून तोंड बघायला आली न्हाई ती! तिच्या सुताचा एक धागा लागू देणार न्हाई मी त्या लेकराला!"

आणि मी ते परत भिरकावलं. तिच्यापर्यंत गेलंच नाही, पाटात पडलं. ना मी उचललं, ना तिनं.

संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "जुन्या फडक्यावरनं कसली भांडता राव तुमी." मी फक्त बघितलं त्यांच्याकडं. ते चपला घालून फाट्यावर गेले.

पट्ट्या मी परत धुतल्या. टमाट्याच्या पाल्याचा काळपट हिरवा डाग लागतो, तो हातावरून निघायला दोन-दोन दिवस घेतो, सुतावरून निघतच नाही. लिंबू लावून बघितलं, सोड्यात घालून बघितलं. काही उपयोग झाला नाही. लेक आली, तिनं पट्ट्या पाहिल्या, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "राहू दे आई. आपण विकतचं आणू. आता दुकानात छान मऊ मिळतात." तिला वाटलं ती माझी समजूत घालते आहे. मला जावेचा आला नव्हता तेवढा राग लेकीचा आला. म्हटलं, विकतचं तुझ्या सासूला आण.

मग बसले शिवायला. पट्टीला पट्टी जोडून आधी सलग कापड केलं. दोन्ही कडांची सुतं निघालेली, ती आत मुडपता मुडपता पट्टी आणखीच अरुंद व्हायची. रफूचा तुकडा मधोमध घेतला. खालून माझी एकुलती एक सुती साडी, बाकीच्या सगळ्या नायलॉनच्या. मागच्या ओटीवर दोन्ही थर पसरले आणि मग माझं घोडं अडलं. दुपटं असो की गोधडी, ते एकटीनं होत नाही. दोघी समोरासमोर बसतात, आपापली कड गुडघ्याखाली दाबून कापड ताणून धरतात आणि कडेपासून आत, एकमेकींच्या दिशेनं शिवत जातात. एकटीनं केलं तर इकडं ओढलं की तिकडं चुण्या. लेकीला वाकता येत नव्हतं. शेजारणी कांद्यात. मी शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची आणि शिव्या द्यायची.

दुसऱ्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात जाऊ पाट ओलांडून आली. समोर बसली, कड गुडघ्याखाली घेतली आणि असा हिसका देऊन ताणलं की माझ्या हातातली सुई उडाली.

मी कोंबड्यांकडं बघून म्हटलं, "आल्या. फाडायला बी ह्याच आन शिवायला बी ह्याच."

"एकलीनं व्हतंय का? मग गप शिवा की," ती म्हणाली. या खेपेला म्हैस लांब होती, म्हणजे ते मलाच होतं.

सुई आभाळाकडं धरून तिनं दोरा ओवला. डोळे अधू झाले आहेत तिचे, पण कबूल करायची नाही. आम्ही शिवत राहिलो. तिचे टाके मोठे.

"बारीक घाल. लेकराचं बोट अडकंल."

"माझ्या टाक्याला नावं ठिवू नका. तुमचा दोरा बघा किती वढलाय, आकसलं सगळं."

आकसलं होतं, खरं तर. मी गुपचूप सैल केला. पलीकडं तिचे टमाटे अजून मातीतच पडले होते. तिनं ते उचलून बांधले नव्हते. मातीला टेकलेली फळं खालून सडायला लागली होती, तो वास ओटीपर्यंत येत होता.

"सुतळीनं तरी बांधायचेस," मी म्हटलं.

"सुतळीनं देठ कापत्यात. बांधीन कवातरी."

मला एक गोष्ट खुपत होती. भांडण झाल्यापासून खुपत होती. शेवटी विचारलंच.

"तुला वाटलं ना ते म्हातारीचं आहे? तू तर तिची लाडकी. तिचं एवढं केलंस. मग तिचं लुगडं असं चिंध्या करून टमाट्याला बांधवलं तरी कसं तुला?"

तिनं मान वर केली नाही. टाका घातला, दोरा ओढला.

"म्हातारीचं समजून तर फाडलं," ती म्हणाली. "तारंवर बघितलं आन डोस्कंच फिरलं माझं. वाटलं, मरून गेली तरी ही बया डोळ्यांम्होरं हालतीया. कात्री बी घेतली न्हाई म्या. हातानं टराटरा फाडलं. तुमच्या आईचं हाय म्हाईत असतं तर हात लावला नसता. तुमच्याशी भांडान हाय माझं. तुमच्या आईशी न्हाई."

मी सुई खाली ठेवली. "लाडकी होतीस की तू."

"कुनी सांगितलं?"

"तिनंच. रोज. माझ्या तोंडावर."

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि हसली. चांगलं हसणं नव्हतं ते.

"आन मला काय म्हनायची म्हाईताय? जागंवर पडली तवा मी भाकर कुस्करून दुधात कालवून तोंडात घालायची. थुकायची. म्हनायची, थोरलीच्या हातची भाकर काय अशी आसती? कशी पातळ, कशी पापुद्र्याची. माझी थोरली असती तर मला असं हाल काढावं लागलं नसतं. येनाऱ्या-जानाऱ्या समद्यांना सांगायची, थोरलीचा हात लई गोड, हिला ढोराचं बी करता येत न्हाई. मी तिची घाण काढायची आन हे ऐकायचं. लई राग यायचा तुमचा. वाटायचं, भिताडावरनं जाऊन तुमच्या डोस्क्यात पाटा घालावा."

पापुद्र्याची म्हणाली होती. लग्न झाल्यापासून घरं वेगळी होईपर्यंत मी त्या बाईसाठी भाकरी थापली, आणि पापुद्रा आल्याचं तिला दिसत होतं. चवही कळत होती. मला सांगायचं तेवढं नव्हतं, कारण मला सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझं कौतुक तिनं जपून ठेवलं ते दुसरीला मारायला, आणि हिचं कौतुक जपलं ते मला मारायला. आणि आम्ही दोघी अकलेच्या कांद्या, एवढी वर्षं एकमेकींचे वेल उपटत बसलो.

मला रडू आलं. रागाचं होतं, पण नुसत्या रागाचं नव्हतं, हेही सांगते. कुठंतरी आत पोटात एक लाजिरवाणा आनंद झाला होता, की तिला माझी भाकरी आवडायची. त्या आनंदाचाच जास्त संताप आला.

"मला एकदा तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? तुमी मला सांगितलं का?"

ते बरोबर होतं. आम्ही पुन्हा शिवायला लागलो. दोन्हीकडचे टाके मधे रफूपाशी आले, तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला आणि दुपटं उचलून उजेडात धरलं. डाग दिसत होते. जोड दिसत होते. तिच्या बाजूचे टाके मोठे, माझ्या बाजूला कापड अजूनही आकसलेलं. सुंदर वगैरे काही झालं नव्हतं. पण गालाला लावलं तर मऊ होतं. आईचं होतं.

लेकीनं ते पोटावर पसरलं आणि हात फिरवत बसली. जाऊ उठून पाटाकडं गेली. सासूबाईंचं लुगडं अजून तिथंच होतं, चिखल वाळून कडक झालेलं. तिनं ते झटकलं आणि एक टोक माझ्याकडं केलं.

"धरा."

मी धरलं. फाटता फाटेना. म्हातारीसारखंच चिवट. शेवटी जावेनं काठाला दातांनी चीर दिली, मी माझ्या बाजूनं ओढलं, तिनं तिच्या, आणि टर्र करून पट्टी निघाली. मग दुसरी. मी म्हटलं, जरा रुंद फाड, अरुंद पट्टी देठाला काचते. ती म्हणाली, मला टमाटे शिकवू नका. एकेक झाड ती उचलून काठीला धरायची, मी गाठ मारायची. जी फांदी मोडली होती तिच्यावरून मला टोचून बोलायची, मी परत बोलायची. वेल माझ्या शेवग्यावरून काढ, असंही मी सांगून टाकलं. नाही काढणार म्हणाली. अजूनही काढलेला नाही.

सगळी झाडं उभी राहिली आणि पदर तेवढा उरला. कामात कमी वापरलेला, काठ अजून तांबडा भडक, त्यातल्या त्यात चांगला. जावेनं तो हातात तोलून बघितला. ओटीवर बसलेल्या माझ्या लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कायबी म्हना, पोरीची आजीच हाय ती," ती म्हणाली. "दुपट्याला काठ न्हाई. ह्येचा लावायचा का? लेकरासाठी म्हनून."

मी पदर हातात घेतला. सूत चांगलं होतं. वडिलांनी जुन्नरच्या बाजारातून आणलं होतं, भांडण नको म्हणून. आणि ती पापुद्र्याची भाकरी डोक्यातून जात नव्हती. माझं कौतुक करणारी ती एकच बाई सासरी होती, आणि ते तिनं मला ऐकू दिलं नाही. लेक माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणते याची वाट दोघीही बघत होत्या.

मी पदराचं दुसरं टोक जावेच्या हातात दिलं.

"फाड," मी म्हटलं. "गवारीला लागतील."